धुराची जकात

रेहानाचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि मी ऑफिसात युरोपला पाठवायचा तक्ता भरत बसले होते. रेहाना म्हणजे आमच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या परकारचाचांची मुलगी. अबुधाबीला खलिफा सिटीत राहते, तिथल्या एका शाळेत गणित शिकवते. कामाच्या वेळात ती कधी फोन करत नाही, त्यामुळे नाव दिसल्याबरोबर मी तक्ता सोडून फोन उचलला. "ताई, अब्बा गेले," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिनं सगळं एका दमात सांगून टाकलं. सकाळी नमाज झाली, बाल्कनीतल्या मिरचीला पाणी घातलं, मग नाश्त्याला बसले. चार घावणे खाल्ले आणि पाचवा मागितला. ती तव्यावर घालून घेऊन आली तर खुर्चीत मान टेकवून बसलेले. "झोपलेत असं वाटलं मला... पाचव्याची वाटसुद्धा बघितली नाही हो," असं म्हणून ती रडायला लागली. आणि रडता रडताच तिला हसू आलं. फोनच्या या टोकाला माझंही तेच झालं. परकारचाचांच्या बाबतीत हे असं व्हायचंच. ते असताना कुणाला फार वेळ गंभीर राहता आलं नाही, आणि गेले त्या दिवशीही नाही.

दफन त्याच दिवशी दुपारनंतर झालं. रास अल खैमाहून अबुधाबी म्हणजे अडीच तासांचा रस्ता. माझा नवरा सुट्टी टाकून मला घेऊन गाडीनं निघाला, आणि मागोमाग कारखान्याची व्हॅन. तिच्यात आमचे पंधरासोळा कामगार होते, अंगावर तेलाचे डाग पडलेले युनिफॉर्म तसेच. त्यांना कुणी 'जा' म्हटलं नव्हतं आणि 'जाऊ नका' म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. पुरुष दफनभूमीत गेले, मी रेहानाच्या दिवाणखान्यात बायकांमध्ये बसले. तिथे रत्नागिरीच्या होत्या, मल्याळी होत्या, लाहोरची एक शेजारीण होती. प्रत्येकीकडे चाचांचा एक तरी किस्सा होता. शेवटी लाहोरवाली म्हणाली, "हमारे यहाँ तो अंकलजी ने सबको युरोप का टॅक्स समझा दिया था," आणि खोलीत खसखस पिकली. ते खरंच होतं. खलिफा सिटीच्या त्या गल्लीत, जिथे कुणाचाही नट-बोल्टशी संबंध नाही, तिथे सगळ्यांना युरोपचा कार्बन कर कळलेला होता.

आता पाच आठवडे झाले. तो कर आणि हा माणूस यांची गाठ कशी पडली, ते सांगायला बसले आहे.

इब्राहिम परकार हे मूळचे रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावातले. विशीत आखातात आले ते इथलेच झाले. मी अकरा वर्षांपूर्वी चिंचवडहून इकडे आले. नवऱ्याला रास अल खैमात सिरॅमिक्सच्या कारखान्यात नोकरी लागली होती, आणि मला दोन महिन्यांनी बोल्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनियरची. पहिल्या दिवशी आमचे जनरल मॅनेजर थॉमस सर मला सगळीकडे फिरवत स्टोअरमध्ये घेऊन गेले. तिथे उंच स्टुलावर एक सडपातळ गृहस्थ बसलेले, डोक्यावर पांढरी टोपी, दाढीला मेंदी. मी माझ्या ठेवणीतल्या हिंदीत विचारलं, "इस कॉइल का सर्टिफिकेट किधर मिलेगा?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मराठीत विचार गो बाय, लवकर मिळेल." परक्या मुलखात ऑफिसात कुणीतरी आपल्याशी मराठी बोलतंय म्हटल्यावर माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, "पुण्याचा हिंदी लपत नाय."

ते एका वाक्यात चार भाषा बोलत. ड्रायव्हरशी हिंदी, कस्टमवाल्याशी अरबी, थॉमस सरांशी मल्याळम, आणि रागावले की कुणाशीही कोकणी. मी शाकाहारी आहे असं कळल्यावर त्यांना माझी इतकी कीव आली की चाचीकडून दर गुरुवारी माझ्यासाठी तांदळाची वाफवलेली गोड सांदणं यायला लागली. डब्याला वेगळा फडका, वर सूचना: "ह्या भांड्याला मासळी लागलेली नाय, चाचीनं कसम खाल्लीय." चाची गेल्या त्यानंतरही सांदणं येत राहिली. ती थोडी कडक असत आणि कधी कधी तर दगडासारखी. चाचा स्वतः करत होते हे मला रेहानानं पुष्कळ नंतर सांगितलं.

त्यांच्या स्टोअरमागे एक खोली होती. आमच्याकडे पोलादाची तार मोठमोठ्या कॉइलमध्ये येते. प्रत्येक कॉइलला पत्र्याचा एक बिल्ला बांधलेला असतो, त्यावर पोलाद कुठल्या गिरणीत ओतलं, कुठल्या घाण्यातलं, ते ठोकलेलं. कॉइल मशीनवर चढली की बिल्ल्याचं काम संपतं आणि जगातल्या सगळ्या कारखान्यांत तो भंगारात जातो. चाचा मात्र तो ठेवून घेत. कॉइल कुठल्या तारखेला उघडली आणि कुठल्या मशीनवर गेली हे मागच्या बाजूला खिळ्यानं कोरत, आणि त्या त्या महिन्याच्या तारेत तो ओवून ठेवत. त्या खोलीत छतापासून जमिनीपर्यंत बिल्ल्यांच्या माळा लटकत होत्या. एसीचा झोत लागला की सगळी खोली किणकिणायची. दर ऑडिटच्या आधी थॉमस सर म्हणायचे, "परकारजी, ये कचरा खलास करो." चाचा छातीवर हात ठेवून म्हणायचे, "इन्शाल्ला सर." कितीतरी ऑडिटं आली आणि गेली, खोली होती तशीच. मीसुद्धा हसायचे. एकदा विचारलं, कशासाठी ठेवता हे? तर म्हणाले, "असू दे गो. खायला मागतात काय ते?"

मग जर्मनीहून पत्र आलं. आमचा निम्म्याहून जास्त माल तिथल्या एका कंपनीला जातो, इमारतींना लागणारे मोठे बोल्ट. पत्र सभ्य होतं, पण अर्थ सरळ होता. युरोपातल्या कारखान्यांना ते जेवढा कार्बन हवेत सोडतात त्याचे पैसे भरावे लागतात. मग बाहेरून येणाऱ्या मालाला सूट का? म्हणून आता बाहेरच्या पोलादावर, सिमेंटवर, ॲल्युमिनियमवर सीमेवरच कार्बनचा कर लागणार. सध्या नुसता हिशोब कळवायचा, पुढे खरोखर कर. तुमच्या एका टन बोल्टमागे किती कार्बन गेला तो खरा आकडा द्या. आकडा नसेल तर सरकारनं ठरवलेला ढोबळ आकडा धरावा लागेल, तो मोठा असतो, आणि मग आम्हाला दुसरीकडे माल शोधावा लागेल. शेवटी 'विथ काइंड रिगार्ड्स'.

थॉमस सरांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. "मृदुला, फ्रॉम टुडे यू आर एन्व्हायर्नमेंट." सोबत आलेल्या एक्सेल फाइलमध्ये इतके तक्ते होते की मी पहिल्या दिवशी नुसती उघडून बंद केली. गंमत बाजूला ठेवा, पण ती ऑर्डर गेली असती तर दुसरी शिफ्ट बंद पडली असती. दुसऱ्या शिफ्टमधल्या माणसांचे व्हिसा नोकरीला बांधलेले असतात. नोकरी गेली की थोड्याच दिवसांत गाशा गुंडाळायचा... हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि दोन दिवसांत कारखान्याभर पसरलंही.

तिसऱ्या दिवशी चाचांनी मला बोलावलं. हातात सुलेमानीचा, म्हणजे बिनदुधाच्या चहाचा, कप दिला. "बाय, हे काय नवीन काढलानी युरोपवाल्यांनी? नीट सांग. मल्याळी पोरं मला विचारतात, आणि मी इतकी वर्षं स्टोअरला, मला माहीत नाय म्हणायला लाज वाटते." मी जमेल तसं सांगितलं. कोळसा, गॅस, धूर, तापलेली हवा, सीमा, कर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. संपल्यावर म्हणाले, "म्हणजे धुराची जकात."

"तसंच म्हणा."

"मग सोपं हाय की. आमच्यात दोन जकाती. एक नाक्यावर द्यायची, ती कुणाला आवडत नाय. एक अल्लाच्या नावानं गरिबाला द्यायची, ती आवडली नाय तरी द्यायची. ह्यातली ही कंची?"

मी म्हटलं, ते अजून युरोपवाल्यांचंही ठरलेलं नाही. यावर ते इतके हसले की सुलेमानी दाढीवर सांडली. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "पण आपल्याकडं धूर हाय कुठं? एक ती गॅसची भट्टी. बाकी नुसती ठोकाठोक." मी म्हटलं, तीच तर अडचण आहे. धूर आपल्याकडे थोडा, पोलाद मुळात जिथे बनलं तिथे खूप. एका गिरणीत कोळशावर लोखंड वितळवतात, तिथे धुराचे लोट. दुसऱ्या गिरणीत विजेवर भंगार वितळवतात, तिथे कितीतरी कमी. आपण दोन्हींकडून घेतो. तर कुठला बोल्ट कुठल्या गिरणीच्या तारेचा, हे दाखवता आलं पाहिजे. आणि ते आता कोण सांगणार?

चाचांनी कप खाली ठेवला. खिशातून किल्ली काढली. मागच्या खोलीचं दार उघडलं आणि बाजूला उभे राहिले, लग्नात नवरीचा बाप उभा राहतो तसे. झोत लागून सगळ्या माळा किणकिणल्या. मी तोंडावर हात ठेवून तशीच उभी.

पुढचे दोन महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात आनंदाचे होते असं म्हटलं तर लोक हसतील, कारण आम्ही केलं काय तर रोज दुपारी चार तास बिल्ले वाचले. चाचा माळ मांडीवर घेऊन एकेक वाचायचे आणि मी टाइप करायचे. त्यांना नुसते आकडे वाचता येत नसत. प्रत्येक बिल्ल्यामागे काहीतरी असायचंच. "ही कॉइल आली तेव्हा रेहानाचा निकाल लागला." "हिचा ट्रक वाळूत रुतला होता, सगळे ढकलायला गेलो, थॉमस सरांची पँट फाटली." त्या सुट्टीत माझी लेक ईशा घरी एकटी नको म्हणून कारखान्यात येत असे. ती तेव्हा दहा वर्षांची. एकदा तिनं विचारलं, "चाचा, हाऊ कॅन अ बोल्ट बी बॅड फॉर द प्लॅनेट?" चाचांनी एक बोल्ट तिच्या हातावर ठेवला. "बोल्ट बॅड नाय. बोल्टला काय माहीत? पण तो जेवला किती, ते लिहून ठेवायचं. तू नाय काय, आइस्क्रीम किती खाल्लंस ते मम्मीला सांगत?" ईशा म्हणाली, "नॉट ऑल्वेज." "बघ," चाचा मला म्हणाले, "म्हणून युरोपवाले तपासायला येतात."

गिरण्यांकडूनही आकडे हवे होते. विजेवाल्या गिरणीनं आठवड्यात पाठवले. कोळशावालीला मी नऊ मेल केले आणि एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी चाचांनी जुनी डायरी काढून फोन लावला. त्या गिरणीचा माल उतरवून घेणारा बंदरावरचा कुणी क्लार्क, मग त्याचा मामा, मग मामाचा साहेब. "हबीबी, पैसे नको, माल नको, एक नंबर पायजे. तुमचा धूर किती, एवढाच. लाजू नको, सगळ्यांचा असतो." संध्याकाळपर्यंत आकडा आला. कागदावर सही-शिक्क्यानिशी.

माझा तक्ता भरून झाला, जर्मनीला गेला, आणि त्यांनी कळवलं की त्यांची तपासनीस येऊन बघून जाईल. मार्टा नावाची उंच, शांत बाई. आली त्या दिवशी तिनं चहासुद्धा घेतला नाही. गोदामात गेली, एका खोक्यावर बोट ठेवलं. हा बोल्ट कुठल्या पोलादाचा? मी लॉट नंबर वाचला, चाचा मागे गेले, तीन मिनिटांत माळ घेऊन आले. बरोबर. तिनं दुसरं खोकं दाखवलं. बरोबर. तिसरं दाखवलं. माझ्या तक्त्यात तो सगळा लॉट विजेवाल्या गिरणीचा होता; त्या महिन्याची माळ वाचायची राहून गेली होती. मी तो खरेदीच्या कागदावरून भरला होता. मार्टानं मान डोलावली आणि पेन उचललं.

"मॅडम, नो," चाचा म्हणाले.

सगळे थांबलो.

"धिस बॉक्स, मिक्स. त्या आठवड्याला ट्रक आला नाय. इलेव्हन कॉइल, ओल्ड मिल. मृदुला, सांग तिला." ते माझ्याकडे बघत होते. मी थॉमस सरांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. कोळशाच्या अकरा कॉइल म्हणजे त्या लॉटचा आकडा चढणार, म्हणजे सगळ्या तिमाहीचा चढणार, आणि वर आमचा तक्ता चुकलेला असल्याचं सिद्ध होणार. कुणी विचारलं नव्हतं. कागद आमच्या बाजूनं होता. मार्टानं विचारलं, "व्हॉट डिड ही से?"

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं हे मला आजही नीट सांगता येत नाही. मी लॉटचा कागद खाली ठेवला. मग सगळं सांगितलं. चाचा आत जाऊन अकरा बिल्ले घेऊन आले, घाईत तार तुटली होती म्हणून टोपीत घालून. मार्टा जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिनं एकेक बिल्ला उलटून, मागची खिळ्यानं कोरलेली तारीख वाचली. मग तिनं संध्याकाळपर्यंत आणखी पुष्कळ खोकी काढायला लावली. शेवटी वही मिटून ती निघून गेली.

ती गेल्यावर मी चाचांवर भडकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "गप्प बसता आलं नसतं का तुम्हाला? कागद होता आपल्याकडे! दुसऱ्या शिफ्टची पोरं परत गेली म्हणजे?" ते स्टुलावर बसले होते. टोपी अजून हातातच. मग त्यांनी मला दाऊदचं सांगितलं.

दाऊद त्यांच्याच गावचा. दोघं एकाच बोटीनं आले, एकाच खोलीत राहिले. तेव्हा चाचा दुसऱ्या एका कारखान्यात होते, तो आता बंद पडला. तिथले काही बोल्ट बसवताना तडकले. भट्टीवर दाऊद होता. भट्टी जास्त तापवली असा ठपका आला. दाऊद म्हणत होता, तारच खराब होती. पण ती तार कुठली, हे सांगायला काही उरलं नव्हतं, बिल्ले भंगारात गेलेले आणि कागदावर भलत्याच कॉइलचा नंबर. स्टोअरला कोण? चाचा. "मला पक्कं आठवत नव्हतं. साहेबानं विचारलान, कागदावर आहे तेच ना? मी म्हटलं, होय. कागदावर होतं तेच मी म्हटलं बाय... त्यात खोटं काय? दाऊदला परत पाठवलानी. सहा महिन्यांनी तीच तार दुसरीकडं तडकली, तेव्हा कळलं. तोवर तो गावाला मासे विकत होता. मला कधी एका शब्दानं बोलला नाय. ईदला मिठी मारायचा." त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "कागद चुकला तर कागदाला काय होत नाय. माणूस जातो. त्या दिवसापासनं मी एक पण बिल्ला टाकलेला नाय."

घरी जाताना गाडीत मी एकटीच रडले, आणि भीतीही वाटत होती. पुढचे तीन आठवडे सगळा कारखाना जर्मनीच्या उत्तराची वाट बघत होता. थॉमस सर चाचांशी बोलत नव्हते. चाचा त्यांना रोज सकाळी तेवढ्याच उत्साहानं "नमस्कारम्" म्हणत होते.

मार्टाचा अहवाल आला तो मी उभ्या उभ्या वाचला. आमचा आकडा तिनं वाढवला होता, वाढायलाच हवा होता. पण तो सरकारी ढोबळ आकड्यापेक्षा बराच खाली होता. आणि शेवटी तिनं लिहिलं होतं की या कारखान्यात तक्त्यातली एक चूक कारखान्यानंच तपासणाऱ्याला दाखवून दिली, त्यामुळे बाकीच्या नोंदींवर आपण विश्वास ठेवत आहोत. जर्मन कंपनीनं ऑर्डर चालू ठेवली. वर कळवलं की युरोपच्या मालासाठी फक्त विजेवाल्या गिरणीची तार वापराल तर आम्ही वाढीव मालाचा विचार करू. थॉमस सर ते पत्र हातात घेऊन जिना उतरून सरळ स्टोअरमध्ये गेले. काय बोलले मला माहीत नाही. पण बाहेर आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खांद्याला चाचांच्या दाढीच्या मेंदीचा वास होता.

त्या शुक्रवारी कारखान्यात बिर्याणी झाली, माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात भाजीची. यार्डात हिरवी रेघ मारायचं ठरलं, तिच्या अलीकडे युरोपची तार आणि पलीकडे बाकीची. ती रेघ चाचांनी स्वतः मारली, गुडघे दुखत असताना, आणि मारून झाल्यावर कोकणात लग्नात नाचतात तसे तिच्यावरून नाचत गेले. दुसऱ्या शिफ्टनं शिट्ट्या मारल्या. थॉमस सरांनी त्यांना व्हिजिटिंग कार्डं छापून दिली, आयुष्यातली पहिली. 'कार्बन'नं सुरू होणारं पदाचं नाव मोठं होतं, ते छापणाऱ्याला एका ओळीत बसवता आलं नाही, म्हणून कार्डावर वाचायला यायचं: 'इब्राहिम परकार कार्बन'. चाचांना ते फार आवडलं. न्हाव्याला दिलं, भाजीवाल्याला दिलं, मशिदीत इमामांना दिलं. नंतर कुणी हाक मारली की म्हणायचे, "पूर्ण नाव घ्या, परकार कार्बन."

दीड वर्षापूर्वी ते निवृत्त झाले आणि रेहानाकडे गेले. मला वाटलं, आता कंटाळतील. कसले कंटाळतात! तिथल्या बागेत संध्याकाळी म्हाताऱ्यांची बैठक जमते, तिचे ते आठवड्यात अध्यक्ष झाले. ते गेले त्याच्या महिनाभर आधी मी आणि ईशा त्यांना भेटायला गेलो, तीच शेवटची भेट. आम्हाला बागेत घेऊन गेले. मंडळींना माझी ओळख करून दिली, "हीच ती. तक्ता हिचा, बिल्ला माझा." मग सगळ्यांसमोर विचारलं, "काय गो, युरोपवाले काय म्हणतात?" मी सांगितलं, आता नुसता हिशोब नाही, कर खरोखर सुरू झाला, आणि नियम पुन्हा थोडे बदलले. एक निवृत्त पंजाबी बँकवाले उसळून म्हणाले, हा अन्याय आहे, दीडशे वर्षं धूर त्यांनी केला आणि जकात आपण भरायची! चाचा म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. भांडा की. मी पण भांडीन. पण आपला आकडा खरा असला तर भांडायला जोर येतो." खाडीचं पाणी त्यांच्या गावच्या घराच्या पायरीला लागायला लागलंय, भरतीला आता माडांच्या दोन रांगा बुडतात, हेही त्यांनी सांगितलं. पण रडगाणं म्हणून नाही. "पायरीवर बसून पाय धुता येतात आता. विहिरीवर जावं लागत नाय." मग ईशाकडे वळून हळूच, "पण तू मोठी झालीस की काढ ते पाणी बाहेर. मी लिहून ठेवलंय किती आत आलंय ते." ईशा आता तेरा वर्षांची. ती हसली नाही. म्हणाली, "ओके चाचा. प्रॉमिस." निघताना त्यांनी आम्हाला सांदणांचा डबा दिला. रेहानाच्या हातची, मऊ. "ही चांगली झालीत," मी म्हटलं. ते म्हणाले, "म्हणजे माझी वाईट होती ते तुला इतकी वर्षं कळत होतं? मग बोलली का नाय?" आणि परत ते हसणं.

परवा मी माझ्या टेबलाशी बसले होते. आमच्या गेटवर तारेचा ट्रक आला की ड्रायव्हर दोनदा हॉर्न देतो, एक आखूड, एक लांब. याचा कुठे नियम लिहिलेला नाही. चाचांना दुपारी जेवणानंतर स्टुलावर डुलकी लागायची, आणि ट्रक आला ते कळावं म्हणून त्यांनीच सगळ्या ड्रायव्हरांना हे शिकवून ठेवलं होतं. हॉर्न झाला की आतून त्यांचा आवाज यायचा, "आया, आया!", आणि मागोमाग चपलांची फटफट. ते निवृत्त झाल्यावरही ड्रायव्हरांनी हॉर्न सोडला नाही. नव्या ड्रायव्हरांना जुने शिकवतात. आता स्टोअरला जो आहे तो संगणकावरच ट्रक बघतो, त्याला हॉर्नची गरज नाही, तो मानही वर करत नाही. परवा दुपारी हॉर्न वाजला, एक आखूड, एक लांब. कारखान्यात क्षणभर सगळ्यांचे हात थांबले, चाचा गेल्यापासून रोज थांबतात तसे. मी खुर्ची मागे सारली, खिडकी उघडली आणि घसा ताणून ओरडले, "आया, आया!" खाली भट्टीजवळ कुणीतरी मोठ्यानं हसलं, मग दुसरं कुणी, मग सगळेच. मी चपला फटफटवत जिना उतरले.